बंबवाले परकारभाई

परकारभाईंच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती पाण्याचा पंप मागायला, आणि त्यांनी माझ्या हातात बंदूक दिली.

चूक तशी कुणाचीच नव्हती. ओमानमधल्या इब्रीच्या बाहेर एका खजुराच्या बागेत आमच्या कंपनीचं ठिबकचं काम चाललं होतं आणि ऐन वेळी पंप जळला. बागेच्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं, इथं पंप कुठं मिळेल? अरबी जिभेला 'प' पेलत नाही, त्यामुळे पंपाचा 'बंब' होतो. "बंब? बाजारात एक हिंदी आहे. त्याच्यासारखा बंब अख्ख्या इब्रीत कुणाकडे नाही," असं म्हणून त्याने मला रस्ता दाखवला. आत शिरले तर भिंतीवर ओळीने बंदुका, सगळ्या साखळीत अडकवलेल्या. काउंटरमागे मेंदीने लाल केलेल्या दाढीचा एक उंच, हाडकुळा माणूस. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं, साखळी सोडवून एक बंदूक काढली आणि माझ्यापुढे धरली.

"अगं बाई, हे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मराठी काय तू?" त्याचा चेहरा एकदम उजळला. "मग आधी सांगायचा नाय, बाय? ह्यो बंब तुना जड होईल. तुजा हात आखूड हाय. थांब, हलका दाखवतंय."

पुढची दांडी मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत, म्हणून तिला म्हणायचं पंप, आणि अरबीत बंब, हे त्या दिवशी मला कळलं. मी म्हटलं, आमच्या नागपूरकडे बंब म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचा. ते ऐकून परकारभाई इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी चहा मागवला. जळलेला पंप संध्याकाळपर्यंत तसाच राहिला आणि साइटवरून मला चार फोन येऊन गेले.

तेव्हापासून आमचं जमलं. माझा नवरा मस्कतला, अल् खुवैरमधल्या एका ऑफिसात. मुलगी वादी कबीरच्या शाळेत. मी आठवडाभर इब्रीत एकटी, गुरुवारी संध्याकाळी गाडी काढून घरी पळायचं. मधल्या संध्याकाळी मराठी ऐकायचं तर परकारभाईंचं दुकान, दुसरी जागा नाही. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. बोलायला लागले की त्यांची कोकणी, मुंबईची हिंदी आणि अरबी यांची खिचडी होई आणि ती मला पक्वान्नासारखी लागे.

माणूस नम्र वगैरे मुळीच नव्हता. "मोठमोठ्या शेखांचे खांदे ह्या हाताखालून गेलेत," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवत. बंदुकीपलीकडच्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत ठाम असे आणि बहुधा चूक असे. माझ्या खोलीतला एसी त्यांनी हौसेने उघडला, पुन्हा बसवला आणि त्यातून एक पट्टी उरली. "ती जास्तीची देतात," असं म्हणून त्यांनी ती माझ्याच हातात ठेवली. तो एसी पुन्हा कधी नीट चालला नाही. पण बंदुकीच्या बाबतीत त्यांचं एकच सूत्र होतं, ते मात्र सोळा आणे खरं. "बंदूक डोल्यानी बघायची नाय, बाय. डोले मिट, खांद्याला लाव, मग उघड. नळीवरचा दाणा बरोबर समोर दिसला तर ती तुजी. नायतर ती दुसऱ्या कुनाची."

गंमत म्हणजे त्यांनी आयुष्यात एक पाखरू मारलं नव्हतं. इथे शिकारीला बंदी. पोलिसांच्या परवान्याशिवाय काडतूससुद्धा विकता येत नाही. त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे निशाणा लावायची हौस असलेली किंवा शिकारीला परदेशी जाणारी ओमानी घराण्यांतली माणसं. "बदकां माझ्या खाडीवर येतात आनि बदकांच्या बंदुका हय, ओमानात," ते म्हणत. "थंडीत पानी काला दिसायचा, एवडी बदकां. आता असतील काय गो?" मग काउंटर पुसत राहत. ते पाणी सोडून ते ऐन तरुणपणी आले होते आणि आता त्यांना परत जायचं होतं. एवढंच हवं होतं त्यांना, दुसरं काही नाही.

आखातात कायमचं परत जाण्याला 'कॅन्सल' म्हणतात. व्हिसा कॅन्सल करून जायचं, मग परत यायचं नाही. परकारभाई वर्षानुवर्षं कॅन्सल मागत होते. कायद्याने कुणी त्यांना डांबलं नव्हतं. पण शस्त्रांच्या कपाटाच्या किल्ल्या पोलिसांकडे त्यांच्या नावावर होत्या. त्या ताब्यात घेणारा दुसरा माणूस अर्बाबने, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाने, आणायला हवा होता. तो काही येत नव्हता. अर्बाब वाईट असता तर बरं झालं असतं. तो भला होता. परकारभाईंच्या बायकोच्या, झुबेदाभाभींच्या ऑपरेशनला धावला होता, त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात कोकणात जाऊन मांडवात मांडी घालून जेवला होता. कॅन्सलचा विषय काढला की तो कधी नाही म्हणत नसे. छातीवर हात ठेवून म्हणे, "इन्शाल्ला."

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, भांडा ना त्याच्याशी!"

"कसा भांडू? नाय बोलला असता तर भांडलो असतो." परकारभाईंनी आवाज खाली आणला. "ह्यो शब्द अल्लाचा. त्याच्याव राग कसा काढू, सांग मना."

माणसाला कुलूप घालायला असला शब्द वापरला की कुलूप दिसतही नाही.

मग ते टर्कीचं प्रकरण झालं. अर्बाबचा मुलगा फहद अमेरिकेत शिकायला होता. त्याचे तिकडचे मित्र शिकारीला जायचे, तसा त्यानेही परवाना काढला आणि बापाला निरोप धाडला, की मी बंदूक घेतोय, पण परकारचाचांनी पसंत केलेलीच घेईन. मला बदकांना आणि टर्कीला चालेल असा एकच बंब हवा. अर्बाबने हा निरोप अरबीत सांगितला, त्यात 'टर्की'चं 'तुर्की' झालं. परकारभाईंनी तो असा समजून घेतला, की पोराला बदकांसाठी बंब हवा आणि तो तुर्की बनावटीचा हवा. तुर्कस्तानचे बंब त्यांच्या दुकानात रांगेने होते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. त्यांनी एक लांब नळीचा निवडूनही ठेवला. फहदने अमेरिकेतल्या दुकानातून व्हिडिओ फोन करायचा आणि परकारभाईंनी त्याला तस्साच बंब तिथे मागायला सांगायचा, असा बेत होता.

मी म्हटलं, "परकारभाई, टर्की हा पक्षी आहे." आणि मोबाइलवर फोटो दाखवला.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "ह्यो पक्षी? ह्यो तर गिधाडाचा मावसभाव दिसतोय!" मग ते गंभीर झाले. बदक डोक्यावरून वेगाने जातं, तिथे छर्रे पसरायला हवेत. हा बोजड प्राणी जमिनीवर उभा राहणार, तिथे छर्रे एका मुठीत जायला हवेत. नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारी, बदलता येणारी चकती नसेल तर एका बंदुकीला दोन्ही जमायचं नाही. निवडलेल्या बंबाची चकती बदलत नव्हती. म्हणजे निवड साफ चुकली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. मी म्हटलं, "चुकू द्या."

"काय?"

"हीच बंदूक सांगा. पोरगा तिकडे फजीत होईल, अर्बाब संतापेल. म्हणेल, म्हातारा झाला, आता याला काही कळत नाही. कॅन्सल देईल. परकारभाई, तुम्ही सगळं बरोबर करता म्हणून तो तुम्हाला सोडत नाही. एकदा चुका. चांगलं मोठ्याने चुका."

परकारभाईंनी दाढीवरून हात फिरवला. मग हळूहळू, शाळेला बुट्टी मारायचं ठरवलेल्या मुलासारखं त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बाय, तू इंजिनेर नाय, सैतान हायस," ते म्हणाले. त्या आठवड्यात ते फार खुशीत होते. भाभींना फोन करून त्यांनी पाणचक्कीजवळचा आंबा कुणाला विकू नका म्हणूनही सांगितलं.

फहदचा व्हिडिओ फोन आला तेव्हा इकडे संध्याकाळ होती. अर्बाब खुर्चीवर, परकारभाई काउंटरला टेकलेले, मी कोपऱ्यात. फोनच्या पडद्यावर फहद, आणि त्याच्या मागे बंदुकांचं भलंमोठं दुकान. परकारभाईंनी ठरल्याप्रमाणे त्या तुर्की बंबाचं नाव सांगितलं. तिथल्या माणसाने तो काढून दिला. झालं, सुटले, असं मी मनात म्हणालेही.

"डोळे मीट, खांद्याला लाव," परकारभाई सवयीने अरबीत म्हणाले. फहदने डोळे मिटले, बंदूक उजव्या खांद्याला लावली, डोळे उघडले, आणि मान कुठच्या कुठे वाकडी करून दाणा शोधायला लागला.

परकारभाई काउंटरवरून पुढे वाकले. मी नजरेनेच त्यांना विनवलं, गप्प राहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्बाबकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

"थांब," ते म्हणाले. "डाव्या खांद्याला लाव."

अर्बाब खुर्चीत ताठ झाला. मुलगा डावखुरा आहे हे त्या घरात बोलायचं नसे. लहानपणी त्याला उजव्या हाताचं वळण लावायला बापाने फार कष्ट घेतले होते. पण परकारभाई आता थांबणारे नव्हते. ते अर्बाबला म्हणाले, पोरगं अंगणात दगड मारायचं ते डाव्या हाताने, मी पाहिलंय. त्याचा डोळाही डावाच. उजवीकडून काडतूस टाकणारी बंदूक त्याने डाव्या खांद्याला लावली, तर रिकामं काडतूस त्याच्या तोंडासमोरून उडेल. मग त्यांनी फहदला भराभर सांगितलं: काडतूस खालून टाकणारा बंब माग, बारा बोरचा, खटक्याचं कुलूप वर अंगठ्याखाली असलेला. नळी मधल्या लांबीची, चकत्या बदलता येणारी. बदकांना मोकळी चकती लाव, त्या गिधाडाच्या भावाला घट्ट. आणि तो साडेतीन इंची काडतुसांचा देत असेल तर घेऊ नकोस, तुझ्या खांद्याला तीनच पुरे.

फहदने तसा बंब डाव्या खांद्याला लावला आणि डोळे उघडले. पडद्यावर त्याचं हसू बघून मलासुद्धा बरं वाटलं, आणि त्याच वेळी रडू आलं.

अर्बाब गेल्यावर मी परकारभाईंवर भडकले. त्यांनी बंदुकांची साखळी लावली. मग म्हणाले, "पोराचा डोला होता, बाय. मना मुद्दाम चुकायला येत नाय. चूक व्हायची तर ती आपली आपन होऊ दे."

दुसऱ्या दिवशी अर्बाब हलव्याचं मोठं भांडं घेऊन आला. आपल्या मुलाला आपल्याहून जास्त ओळखणारा माणूस आपल्या दुकानात आहे, हे तो बाजारभर सांगत सुटला होता. "अशा माणसाला मी कसा सोडू?" त्याने मलाच विचारलं, आणि परकारभाईंचा व्हिसा पुढे वाढवून टाकला. दुकानात नवा एसी आला, पाठीला आराम देणारी खुर्ची आली. परकारभाईंनी खुर्चीचं फार कौतुक केलं. हलवा मात्र त्यांनी चाखला नाही, मधुमेहाचं निमित्त सांगितलं.

त्या खुर्चीतच ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी दुकान बंद करायच्या वेळी. शेजारच्या मलबारी दुकानदाराला वाटलं, डोळा लागलाय.

अर्बाबने भाभींना स्वतः फोन केला. त्यांच्यात मातीला उशीर करत नाहीत, आणि एवढ्या दूरवर नेण्यात दिवस जाणार, हे भाभींनाही कळत होतं. त्या बरं म्हणाल्या. अर्बाबने आपल्या घराण्याच्या कबरस्तानात जागा दिली. परक्याला तिथे देत नाहीत. त्याने खांदा दिला, तो लहान मुलासारखा रडला, असं शेजाऱ्याने मला सांगितलं, आणि ते खरं असणार. माणूस खोटा असता तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. मला आजही ते जमत नाही आणि त्याचाच मला राग येतो.

संध्याकाळी भाभींचा फोन आला. "सुटले, बाय," त्या म्हणाल्या. माणूस गेल्यावर आपल्याकडे असंच म्हणतात. मीही 'हो' म्हणाले.

तीन-चार दिवसांनी मी दुकानावरून जात होते, तर अर्बाबने हाक मारली. किल्ल्या घ्यायला त्याचा एक पुतण्या आला होता, पोलिसांनी त्याच्या नावाला मंजुरीही दिली होती. अर्बाब नुकताच सरकारी कचेरीतून येऊन चहा पीत बसला होता. माणूस मेला तरी व्हिसा रद्द करावाच लागतो, म्हणून तो सकाळी गेला होता.

"झालं का काम?" मी विचारलं.

"खलास," तो म्हणाला. "काहीच अवघड नसतं. मी गेलो, सही केली, कॅन्सल."