तांबेऱ्याची लागवड

मानवजातीच्या कल्याणाचं काम माझ्या हातून आयुष्यात एकदाच घडलं. निजामी अमलातल्या एका शेतकी कचेरीनं मला नोकरीत घेतलं आणि पुसेगावजवळच्या एका तुकड्यात गव्हाला आजारी पाडायला बसवलं.

तांबेरा पडला की गव्हाच्या पानांवर गंजासारखी भुकटी चढते आणि दाणा भरत नाही. या रोगातून कोणती जात तगते ते शोधायचं, म्हणून आधी रोग आणायचा. आम्ही बारा जाती ओळीनं पेरल्या होत्या आणि कडेनं चटकन रोग धरणारा गहू. वरच्या कचेरीतून रोगाच्या भुकटीची पुडी आली. ती पाण्यात कालवून मी संध्याकाळी पानांवर शिंपडत होतो.

शेजारचं शेत तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईचं. तांड्यात आईला याडी म्हणतात, मीही तिला तेच म्हणे. ती बांधावर येऊन उभी राहिली.

“काय करून राहिलास, बाबू?”

“तांबेरा लावतोय, याडी.”

“पिकाले?”

“हुकूम आहे.”

“लोकं रोग जावा म्हणून नारळ फोडतेत. तुमी पगार घेऊन रोग लावता व्हय?”

मी तिला अर्धा तास शास्त्र समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुमच्या सायबाच्या शेतात काहून न्हाई लावत?” मी बरीच पुस्तकं वाचली होती. त्यांतलं शास्त्र मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.

“इकडं माझा गहू, त्याच्या पलीकडं चाचाचा,” ती म्हणाली. “वारा काय तुमच्या हुकमानं वाहतो?” चाचा म्हणजे तिचा मुसलमान शेजारी. घरात सात तोंडं आणि सगळी भिस्त त्या बन्सी गव्हावर.

आठ दिवसांनी साहेब मोटारीतून आले. याडीनं त्यांनाही गाठलं. ते मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून, जणू समोर सभा आहे अशा आवाजात म्हणाले, “बड़े काम में थोड़ी तकलीफ होती है, माँ.”

“बराबर. मग ती तुमी घ्या,” ती म्हणाली.

महिन्याभरात आमच्या बाराही जाती तांबूस होऊन बसल्या. साहेब पुन्हा आले, ओळीओळीनं फिरले, आणि त्यांची नजर बांधापलीकडे गेली. याडीचा गहू हिरवागार होता. आमची भुकटी तिकडेही उडाली होती, पण पानांवर फिकट ठिपक्यांपलीकडे काही नव्हतं. तो खपली जातीचा गहू होता. या गव्हाचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, तास तास उखळात कांडावं लागतं. म्हणून शिवारात तिच्याखेरीज कुणी तो पेरत नसे. चाचाच्या बन्सीवर मात्र कडेकडेनं तांबेरा दिसू लागला होता.

साहेब बांध ओलांडून लोंबीला हात घालणार तोच याडी विळा घेऊन आडवी आली.

“आधी तुमचा आजार कापा, मग लोंब्या देते.”

“नोंदी पूर्ण होईपर्यंत पीक उभं राहिलं पाहिजे,” असं मी साहेबांच्या वतीनं सांगितलं. सांगताना मलाच लाज वाटली.

“मग हात लावायचा न्हाई.”

“माँ, तुम्हारा गेहूँ तो बच गया!” साहेब म्हणाले.

“माझा वाचला. चाचाचा?”

साहेबांनी मला लोंब्या तोडायला फर्मावलं. मी नाही म्हणालो. याडीकडून दुसरा विळा मागून घेतला आणि आमच्याच कडेच्या ओळीपासून कापायला लागलो. साहेब ओरडले, नोकरी जाईल. जाऊ द्या म्हणालो. त्या वयात असं म्हणायला फारसं काही लागत नाही. थोड्या वेळानं चाचाही विळा घेऊन आला. त्यानं कुणाची परवानगी विचारली नाही. दिवस मावळायच्या आत बाराही जाती खड्ड्यात पुरल्या.

चाचाचा निम्मा गहू गेला, निम्मा हाती आला. याडीनं शब्द पाळला. खपली पिकल्यावर साहेबांना ओंजळभर लोंब्या दिल्या, त्याही स्वतःच्या ओंजळीनं मोजून. बाई लहानखुरी होती.

साहेबांनी त्या लोंब्या चार पानी पत्रासह वरच्या कचेरीत पाठवल्या. माझी नोकरी गेली नव्हती, पत्राची नक्कल मीच केली. पत्रात ‘शोध’ हा शब्द नऊ वेळा होता आणि याडी एकदाही नव्हती. पावसाळ्यात उत्तर आलं. ही जात कचेरीत कित्येक वर्षांपासून आहे, पण टरफल निघत नसल्यामुळे ती चाऱ्याच्या बियाण्याच्या कपाटात ठेवली आहे.