टॉर्चमधले नवे सेल कुणी काढले?

मैत्रिणींनो, घरची टॉर्च आत्ता उघडून बघा.

आज संध्याकाळी भालकीजवळच्या आमच्या मेहकरात लाईट गेली. वहिनी सरपण काढायला गेली आणि ओरडली, "अक्का, पायाला काय तर चावलंय!"

मी टॉर्च लावली तर काजव्याएवढा उजेड. सेल तर मी परवाच हुमनाबादहून नवे आणून घातले होते. साप की विंचू, काहीच दिसेना.

दादा तिला मोटारसायकलवर भालकीच्या दवाखान्यात घेऊन गेला. माझ्या मनात मात्र एकच, आपल्या रेडिओसाठी वहिनीनेच सेल काढले असणार. मी तिचा रेडिओ उघडला. आत सेलच नव्हते.

"आई, नवे सेल कुठं हायत?"

"पेटीत. जुनेच उन्हात ठिवून घातले. नवे कामून संपवायलीस? अडचणीला राहू दे म्हणलं."

"मग आजची अडचण न्हाई व्हय?"

आई उठून पेटी उघडायला लागली.

आत्ता फोन आला. डॉक्टर म्हणाले विंचू आहे, भीती नाही. मग वहिनीने फोन घेतला. "अक्का, जेवलाव का तुमी?"

माझ्यासमोर तिचा रेडिओ अजून उघडाच पडला होता.

तुमच्याही घरी पहिला संशय सुनेवरच जातो का?