जनरलसाहेबांचा शब्द आणि फाटकावरचे ओकडन

गावात आवई उठली होती, की सेप्टिमस ओकडननी मरणपंथाला लागलेल्या जनरल थॉर्नकूमसाहेबांच्या हातात पेन कोंबून फाटकाजवळचं घर आपल्या नावावर लिहून घ्यायचा डाव टाकला. माझ्या वडिलांच्या पबमध्ये तर तीन जणांनी हे 'डोळ्यांनी पाहिलं' होतं. साफ खोटं. उलट या माणसाने तीस वर्षांत एक चिठ्ठीसुद्धा मागितली नाही, आणि तिथेच सगळं फसलं.

पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या चिखलातून जखमी थॉर्नकूमसाहेबांना ओकडननी पाठीवर वाहून आणलं होतं. साहेबांनी त्यांना आपल्या वाड्याच्या फाटकावर राखणीला नेमलं आणि दहा वर्षांच्या रूपर्टसमोर सांगितलं, "सेप्टिमस, तू जिवंत आहेस तोवर हे घर तुझं. रूपर्ट, ऐकतोयस ना?"

"हो, पप्पा."

झालं! मार्थाबाई नवऱ्याच्या मागे लागायच्या, "अहो, दोन ओळी लिहून घ्या की!" ओकडन छाती फुगवून, मिशीतून बोलायचे, "लिहून? थॉर्नकूमांकडून? त्यापेक्षा त्यांच्या थोबाडीत मारतो ना!" सभ्य माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याला चोर म्हणणं, अशी आमच्याकडच्या जुन्या लोकांची समजूत.

यंदा जनरलसाहेब गेले. वारसाकर आला, आणि कॅप्टन रूपर्टनी वाडा, जंगल, तळं, सगळं एका मुलींच्या शाळेला विकलं. शाळेला फाटकाजवळचं घर रिकामं हवं होतं.

कॅप्टन ते सांगायला आले तेव्हा मी मार्थाबाईंकडे अंडी घ्यायला गेले होते. दोन कप चहा आणि केकचे तीन तुकडे संपवून ते नाकातून म्हणाले, "पप्पा काही बोलले असतील, ओकडन. मला नाही बुवा आठवत. कागदबिगद आहे का?"

"कागद?" ओकडननी किटली खाली ठेवली. "सर, तुम्ही तिथेच उभे होता. हातात पतंग होता तुमच्या."

"तीस वर्षं झाली, बाबा! कोण लक्षात ठेवतं?" कॅप्टननी टोपी उचलली. दारात मात्र हसले. "पतंग झकास होता हं. हिरवा. शेपटी तूच लावलेलीस."

"रंग बरा आठवतो!" मार्थाबाई कडाडल्या. कॅप्टनचे कान लाल झाले, पण घर काही वाचलं नाही. ओकडननी केकची ताटली उचलली आणि उरलेला तुकडा कोंबड्यांना टाकला.

मालकांची गाडी आली की पळत जाऊन फाटक उघडायचं, टाचा जुळवायच्या आणि कडक सलाम ठोकायचा, असं ओकडननी जन्मभर केलं होतं. कॅप्टन कायमचे निघाले त्या दिवशी मी म्हटलं, "मिस्टर ओकडन, आजही तुमचा हात वर जाणार. सवयच ती!"

"लाव पैज, पोरी. आम्ही आता माझ्या बहिणीकडे राहायला जातोय; हरलीस तर माझ्या कोंबड्या सायकलवरून तिकडे पोचवायच्या. सहाच्या सहा."

"लावली!"

गाडी आली. ओकडननी फाटक सताड उघडलं. कॅप्टननी गाडी हळू केली, उलट सलाम द्यायला हात अर्ध्यावर आणला आणि वाट पाहिली. ओकडन पाय फाकवून उभे होते. टोपी डोक्यावर, दोन्ही हात पँटच्या खिशात.

बहिणीचं गाव अकरा मैल आहे, आणि सगळा चढ.