पार्टीतला बनवणारा

होणाऱ्या सासऱ्यांनी मला दरोडेखोर समजण्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. मी स्वतःच्या तोंडानं, खणखणीत आवाजात, त्यांच्याच अंगणात उभं राहून तसं जाहीर केलं होतं.

मी मूळचा अंबाजोगाईचा, नोकरी हिंजवडीत. ज्योती त्याच ऑफिसात, आणि तिचं घर मुळशीला, धरणाच्या काठी. आमचं दोघांचं जमलं होतं, पण तिच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, होकार बाकी होता. आबा भात लावत, धरणात मासे धरत आणि परक्या माणसाशी शक्यतो बोलत नसत. मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी मला "जेवा" एवढा एकच शब्द दिला. आता तिसऱ्या खेपेला काय तो निकाल लागणार होता. ज्योतीनं बजावलं होतं, कमी बोल. (ती मला दोन वर्षं ओळखत होती, तरी तिनं आशा सोडलेली नव्हती.)

आता माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं. ऑफिसातले आम्ही काही जण शनिवारी एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट रचत जायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फाशावर ठरवायचं. या साहसी टोळीला म्हणायचं पार्टी. पुस्तक इंग्रजी, पण पात्रांना आम्ही घरगुती नावं ठेवली होती. लढवय्या तो 'मारणारा', कुलपं उघडणारा तो 'फोडणारा', जखमा भरून काढणारी ती 'वाचवणारी'. मी होतो जादूचा कारागीर. मंत्र घालून हत्यारं, यंत्रं, दिवे असं काहीबाही तयार करायचं आणि इतरांच्या हातात द्यायचं. म्हणून मी 'बनवणारा'.

मुळशीत मात्र त्या काळात पार्टी या शब्दाचा एकच अर्थ होता: पांढऱ्या गाडीतून जमीन बघायला आलेला माणूस. आणि बनवणारा म्हणजे काय, हे तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे!

त्या रविवारी सकाळी ज्योती गिरणीतून दळण आणायला गेली आणि मला फोन आला. रेंज फक्त गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तरच मिळायची, तीही अशी की ओरडल्याशिवाय आवाज पलीकडं पोचत नसे. आत आबा म्हशीला पेंड घालत होते, हे मला कुठं ठाऊक? फोनवर आमचा संदीप. आमच्या खेळाची गोष्ट तोच रचायचा. त्याचं म्हणणं, पुढच्या वेळी बनवणारा सोड आणि दुसरा मारणारा हो. लढाईत तू नुसता मागं उभा असतोस, तुझा पार्टीला उपयोग काय?

हे मला झोंबलं. मी तावातावानं ओरडलो, "अरे, बनवणारा नसेल तर मारणाऱ्याच्या हातात हत्यार कोण देणार? फोडणाऱ्याला किल्ल्या कुणी करून दिल्या? मी पुढं होत नाही हे खरं, पण मागं राहून सगळी तयारी माझीच असते. त्या म्हाताऱ्याचं मलाही वाईट वाटतं, पण त्याचा बळी गेला म्हणून तर भुयाराचं दार उघडलं ना? आता खाली उतरायचं, खजिना काढायचा आणि वाटून घ्यायचा!"

गोठ्यात पेंडीचं घमेलं पडल्याचा आवाज आला. म्हैस असेल, असं मला वाटलं.

घरात आलो तर वातावरण बदललेलं. ज्योतीच्या आईनं माझ्यापुढं चहा ठेवला तो हात लांब करून, भिंतीला चिकटून. खुंटीवरचा कोयता आबांच्या मांडीशी आला होता. थोड्या वेळात ज्योतीचे चुलते आले. नाना. गावचे पोलीस पाटील. त्यांनी दाराला पाठ लावून बैठक मारली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "पाव्हनं, पार्टीत किती जनं हायेत?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्योतीनं घरी माझ्या छंदाबद्दल सांगितलं होतं तर. आणि हे लोक चक्क रस घेत होते! कमी बोलायचं ठरलेलं मी तिथंच विसरलो.

"चौघं," मी म्हणालो. "मी धरून."

"आन तुमी बनिवनारं?"

"हो. सगळे मारणारेच झाले तर पार्टी चालणार कशी? डोकं लावणारं कुणीतरी हवंच की."

नानांनी आबांकडं पाहिलं. आबांनी कोयत्याकडं. मग नाना हत्यारांकडं वळले. मी हौसेनं सगळी यादी सांगितली, वर मी एक लोखंडी कुत्रं तयार केलंय, ते रात्री पहारा देतं आणि खायला मागत नाही, हेही सांगितलं.

"आन त्यो म्हातारा?"

"जादूगार होता. फार चांगला माणूस."

"मयत कुटं हाय?"

"भुयारातच ठेवलीय," मी म्हणालो. "परत जिवंत करता येतो, पण फार खटपटीचं काम आहे."

आईनं तोंडाला पदर लावला. नानांनी परवानगी न विचारता माझी पिशवी उलटी केली. तिच्यातून पडला वीस बाजूंचा काळा फासा, हातोडी घेतलेला कथलाचा बुटका माणूस आणि भुयाराचा नकाशा. नवीन तळं काढायचा कंटाळा केल्यामुळं (हा माझा जन्मजात आळस) त्या नकाशात मी सरळ मुळशीचं धरण गिरवलं होतं. खजिन्याची लाल फुली कुठं आली असेल? बरोबर आबांच्या खाचरात!

"गुप्तधन," नाना पुटपुटले. "दादा, चौकीवर सांगावा धाडू का?"

तेवढ्यात ज्योती डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आत आली. झाला प्रकार ऐकून ती आधी घाबरली, मग तो डबा घेऊनच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसणं थांबल्यावर तिनं घरच्यांना सगळा खेळ समजावला. नानांचा चेहरा थोडा पडला. (गुप्तधनाची टोळी पकडल्याचा मान गेला!) पण आबा हलले नाहीत. एवढी घोडी झालेली माणसं आठवडा संपला की खेळत बसतात, हे त्यांना दरोड्याहून चिंतेचं वाटलं असावं. ते इतकंच म्हणाले, "खेळून दावा."

मग त्या ओसरीवर मी आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची परीक्षा दिली. आबा मारणारे झाले. ज्योती वाचवणारी. नानांनी, पोलीस पाटील असूनसुद्धा, फोडणारा मागून घेतला आणि दिसेल ते कुलूप उघडत सुटले. गोष्ट मीच रचत होतो आणि बनवणाराही मीच होतो. पुलावर एक राक्षस उभा केला. आबा एकटेच त्याच्या अंगावर धावले. फासा पडला दोन. तलवार मोडली. मी म्हटलं, माझा कारागीर तुम्हाला काहीतरी करून देईल. "आमाला कुनाचं काय नको," आबा म्हणाले आणि नुसत्या मुठीनं गेले. पडले तीन. राक्षसानं त्यांना उचलून आपटलं. आता एक फटका, की आबा खलास. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच बैठकीत मारणारा जावई कुणाला चालेल?

मी घाईघाईनं सांगितलं, कारागिरानं मंत्र घालून एक जाळं विणलंय आणि तुमच्या पायाशी टाकलंय. फेकायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा.

आबांनी फासा उचलला. अर्धवट उठले, कंबरेतून वळले आणि धरणात जाळं फेकावं तसा हात फिरवून फासा सोडला. तो ओसरीभर गरगरत गेला आणि थांबला. वीस!

"गावला!" आबा गरजले. "नाना, वढ तिकडनं! जावई, आनखी एक जाळं करा, बिगीनं!"

'जावई' हा शब्द आबांच्याही कानावर उशिरानंच पडला असावा. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. शब्द मात्र परत घेतला नाही. ज्योती खाली मान घालून कथलाच्या बुटक्या माणसाला पदरानं पुसत बसली.

मी मात्र त्या एका शब्दानं इतका हरखलो की माझा कारागीर पुलावरून बाजूला घ्यायचाच विसरलो. जाळ्यात अडकलेला राक्षस कोसळला तो नेमका त्याच्यावर. वाचवणारीनं फासा टाकून पाहिला, पडला एक. नानांनी रीतसर मृत घोषित केलं, आणि आईनं मयताच्या पानात गोड वाढलं. लोक आधी पसंत पडतात आणि मग लग्नानंतर हळूहळू संपतात. पसंत पडल्याबरोबर, लग्नाच्याही आधी संपलेला पंचक्रोशीतला जावई मी एकटाच.