गुरुवारचा अर्धा तास

सकाळचे सहा वाजलेत आणि दिनानाथ शेवाळे खुर्चीत ताठ बसून पेंगतायत. समोर पलंग आहे, त्यावर बायकोची, कुमुदची गोधडी घडी घालून ठेवली आहे. पण ती गेल्यापासून चार महिने त्यांनी पलंगाला पाठ लावलेली नाही. थकलाय माणूस. मान पुढे पडते, दचकून वर येते, आणि तिसऱ्यांदा पडते ती वर येतच नाही.

"झाला का हो अर्धा तास?"

कुमुद स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आहे. हातात रिकामा पेला. म्हणजे आज गुरुवार, तिच्या हाडांच्या गोळीचा वार. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तो अर्धा तास दिनानाथराव मनगटावरच्या घड्याळात मोजून देतात. कराडच्या एसटी स्टँडवर सत्तावीस वर्षं कंट्रोलर होते; वेळेच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकायचे नाहीत.

"अजून अकरा मिनिटं," ते म्हणतात.

"तुमची अकरा मिनिटं काही सरायची नाहीत."

ते घड्याळात बघतात, तर ते स्टँडवरचं मोठं घड्याळ आहे. कुमुद फलाट पाचच्या बाकावर बसली आहे, डाव्या गालाला पदर लावून. गाडी एकही नाही. माइक त्यांच्या हातात आहे. वेळ झाली, कुमुद शेवाळे यांनी आता आडवं व्हावं, एवढंच त्यांना पुकारायचं आहे. तोंडातून भलतंच बाहेर पडतं.

"गोळी थांबवायची का, ते पाच वर्षांनी येऊन विचारा, असं डॉक्टर म्हणाले होते. मी विचारलं नाही. जुनीच चिठ्ठी दाखवून अकरा वर्षं गोळ्या आणत राहिलो."

सगळ्या स्टँडवर आवाज घुमतो.

"अहो, हळू," कुमुद म्हणते. "गावभर कशाला?"

आता तो बाक दातांच्या डॉक्टरची खुर्ची झाला आहे. एक दाढ काढली, एवढंच निमित्त. जखम भरेना, टाके धरेनात, महिन्याभराने आतलं हाड उघडं दिसायला लागलं. ही गोळी फार वर्षं घेतली की लाखात एखाद्यालाच असं होतं, असं तो तरुण डॉक्टर म्हणाला होता. लाखात एक बायको मिळाली म्हणून लग्नात दिनानाथराव मित्रांना सांगत फिरले होते. ती लाखात एक सात महिने पेजेवर राहिली, आणि मग न्यूमोनियाचं निमित्त झालं.

"दुखतंय का गं?"

"आता कुठलं दुखायला?" ती पदर बाजूला करते. गाल नितळ आहे. "त्याच गोळीनं कंबर धरून ठेवली माझी. आईसारखी वाकले नाही मी. तेही सांगा की माइकवरून."

"माझं चुकलं, कुमुद."

"चुकलंच." खोटं बोलून समजूत काढायची तिला कधीच सवय नव्हती. "मीही विचारलं नाही. पण गोळी घेतली मी आणि चार महिने ताठ बसलायत तुम्ही? हे कुठल्या चिठ्ठीत लिहिलंय?"

त्यांना रडू फुटतं. ती त्यांच्या हातातला माइक काढून घेते.

"आज कंट्रोलर मी. झाला तुमचा अर्धा तास. टेका पाठ."

दिनानाथराव जागे होतात तेव्हा ऊन खोलीत आलेलं असतं. ते पलंगावर आहेत, आडवे, तिच्या बाजूला. खुर्चीतून कधी उठले, काही आठवत नाही. गोधडीची घडी मोडली आहे आणि डाव्या गालाखाली तिचा बोळा झाला आहे.

तोंड धुवायला ते आरशासमोर उभे राहतात. डाव्या गालावर, जबड्याच्या कडेने, गोधडीच्या टाक्यांची ओळ उमटली आहे. कुमुदचे टाके जिथे धरले नव्हते, बरोबर तिथे. ते बोटाने चाचपून बघतात. एकही टाका सुटलेला नाही.

अर्ध्या तासात हा वण जाईल, एवढं त्यांना कळतं. ते मनगटावरचं घड्याळ काढून आरशाच्या फळीवर ठेवतात, आणि परत जाऊन त्याच कुशीवर आडवे होतात.