सरळ वाहणारा ओढा

कुमुदताई औरादकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात मी लिहावं, असं समितीनं सुचवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझं शिक्षण आठवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते सुलतान बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणि कचेरीतल्या टेबलावर. वकील, डॉक्टर, प्राध्यापक लिहिणार, त्या पंगतीत माझं पान कुठं मांडता, असं विचारलं. पण ताईंच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलेला आणि मराठीत चार ओळी लिहू शकणारा दुसरा माणूस समितीला मिळेना. तेव्हा गोड मानून घ्यावं. हा ग्रंथ काढणाऱ्या इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना ताई म्हणतात. मी कचेरीच्या सवयीनं बाई म्हणत आलो, इथंही तसंच लिहितो.

मी सरकारी नकाशा-विभागात ट्रेसर होतो. गावाचा जुना नकाशा खाली, पारदर्शक कागद वर, आणि शाईनं रेघेवर रेघ ओढायची, एवढंच काम. बाई अधिकारी म्हणून नव्या रुजू झाल्या त्या दिवशी त्या शिपायाकरवी बोलावतील म्हणून आम्ही शर्टाची बटणं लावून बसलो होतो. त्या स्वतःच खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. समोरचा नकाशा निजामी अमलातला, त्यावरचा मजकूर उर्दूत.

"मुखेडकर, हे तुम्हाला वाचता येतं?"

"येतं बाई. आपलं आपणच शिकलो."

"मग मला शिकवा. वाचणार तुम्ही आणि सही करणार मी, हे काही बरं नाही."

जेवणाच्या सुट्टीत बाई अलिफ-बे गिरवू लागल्या. आमच्यातल्या एकानं चिडवलं, "नौकरी लगने के बाद कौन पढ़ता मैडम?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "नौकरी बचाने के वास्ते पढ़रऊँ भाई." त्या दिवसापासून त्यांना कोणी चिडवलं नाही आणि सही करण्यापूर्वी त्यांनी नकाशा वाचला नाही असंही कधी झालं नाही.

बाईंची एक खोड होती. खिडकीवर नकाशाची नक्कल मागायला कोणी खेड्यातून आलं की त्या विचारायच्या, "ही कितवी खेप?" माणूस दोन म्हणे, तीन म्हणे, कोणी नुसता हसे. शेजारच्या शाखेतले साहेब म्हणायचे, मॅडमना कंडक्टर व्हायचं होतं. पुढं त्या प्रश्नाचं मोल कळलं. दोन जिल्हे ओलांडून येणाऱ्याचा दिवस बुडतो, मजुरी बुडते, एसटीत उभं राहून पाय सुजतात. हे सरकारच्या कुठल्याच हिशेबात येत नाही, कारण ते सरकारच्या खिशातून जात नाही. बाई म्हणायच्या, "आपल्या कामाचा फायदा म्हणजे जी खेप त्यांना घालावी लागली नाही ती. पण न आलेला माणूस आभार मानायला येत नाही, त्यामुळं तो फायदा कोणाला दिसत नाही."

मग कचेरीत संगणक आले आणि भौगोलिक माहिती प्रणाली नावाचं प्रकरण आलं. साध्या भाषेत सांगायचं तर गावाचा नकाशा, शेताचे नंबर, पहाणीची म्हणजे पीकपाण्याची नोंद, ओढे, रस्ते, सगळं एका पडद्यावर एकावर एक. किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. मी बाईंना तोंडावर म्हणालो, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हा."

बाई हसल्या. "मसाला एकदाच वाटायचा मुखेडकर. त्यात कोंबड्या किती शिजतात ते बघू."

आणि पहिल्या खुर्चीवर त्यांनी मलाच बसवलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी. यंत्राला हात लावायच्या आधी मी सवयीनं बोटं पुसून घ्यायचो. "घाबरू नका, ह्याची शाई सांडत नाही," असं म्हणत त्या शेजारी उभ्या राहायच्या. वर्षभरात मी बरा तयार झालो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वडिलांनी एक पुनर्रचना पाहिली होती. निजामाच्या राज्याच्या तीन वाटण्या झाल्या, चुलते महाराष्ट्रात गेले, आम्ही इथं राहिलो. आमच्या पिढीनं दुसरी पाहिली. आधी राज्य विभागलं, मग जिल्ह्यांचे लहान लहान जिल्हे झाले. कोणतं गाव कोणत्या मंडलात, कोणतं मंडल कोणत्या जिल्ह्यात, रोज वरून फोन, रोज नवी यादी. तालुक्याच्या जागी इथं मंडल असतं, हे बाहेरच्या वाचकांसाठी. मी तेव्हा निवृत्त होऊन बरकतपुऱ्याच्या घरी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. जुने नकाशे वाचणारी माणसं हवीत म्हणून बाईंनी मला आणि आणखी चार म्हाताऱ्यांना कंत्राटावर परत बोलावलं. कापडावर चिकटवलेले ते नकाशे स्कॅन व्हायचे आणि आम्ही पडद्यावर रेघा ओढायचो. घाई तर अशी की चहा टेबलावरच निवायचा.

एका दुपारी खिडकीवर एक वृद्ध गृहस्थ आले. धनसिंग नायक, एका लहानशा तांड्यावरचे. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"चौथी बार आरऊँ अम्मा," ते म्हणाले. "घराँ वहींच हैं, जिल्ला उठको चले गया."

झालं होतं असं की त्यांचा तांडा पिढ्यान्‌पिढ्या एका गावात मोडायचा. नव्या नकाशात तो शेजारच्या गावात दिसत होता, आणि शेजारचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. जुन्या मंडलाचे लोक म्हणत, तुम्ही आमचे नाही. नवे म्हणत, तुमची कागदं आमच्याकडं आलीच नाहीत. तांड्यातल्या विधवांची पेन्शन दोन महिने अडकली होती.

बाईंनी त्यांना आत आणून पडद्यापुढं बसवलं. मी नकाशा मोठा करून दाखवला: हा ओढा, हीच दोन गावांची शीव, आणि तुमचा तांडा ओढ्याच्या पलीकडं. नायकबाबांनी ती रेघ टोकापासून टोकापर्यंत बघितली. मग बोट टेकवून म्हणाले, "ये वागू नईं अम्मा. वागू सीदा कब बहता?"

वागू म्हणजे ओढा. मी मूळ कापडी नकाशा काढून टेबलावर पसरला आणि वाकून पाहिला. इतकी वर्षं आठ पदरी दुमडून ठेवलेला नकाशा. दुमडीवर मळ बसून काळी रेघ झाली होती. खरा ओढा तिच्या आणि तांड्याच्याही पलीकडं, फिकट निळा, नागमोडी. मी ती दुमडच ओढा समजून गिरवली होती. जन्मभर कापडावरच्या दुमडी ओळखणारा माणूस पडद्यावर चुकला.

दुसऱ्याच दिवशी वित्त खात्याची बैठक होती. ह्या प्रणालीवर इतका पैसा गेला, त्यातून काय मिळालं, आणि पुढं पैसे द्यायचे की काम इथंच थांबवायचं, हे तिथं ठरणार होतं. निम्मी गावं अजून व्हायची होती. मी बाईंना म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे, रेघ सरकवतो. बैठकीत बोलू नका. उद्या हे कळलं तर योजनेला कुलूप लागेल."

बाईंना राग आला की त्या आवाज चढवत नाहीत, पेन्सिलीला टोक करू लागतात. त्या टोक करत म्हणाल्या, "रेघ आत्ताच सरकवा. नायकबाबांना दुरुस्त नकाशा आणि दोन्ही मंडलांना पत्र आजच द्या, त्यांची पाचवी खेप व्हायला नको. पण मुखेडकर, दुमडून ठेवलेला नकाशा काय हा एकच होता?"

मी नकाशांच्या कपाटाकडं बघितलं. सगळेच आठ पदरी होते.

मग बाईंनी संगणकावरच्या मुलीला बोलावलं. "ओढा म्हणून काढलेली, पण फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ, अशी प्रत्येक रेघ शोधून काढता येईल?" ती म्हणाली, येईल. दिवस मावळायच्या आत यादी हातात आली. बारा गावं. नायकबाबांच्या एका वाक्यावरून यंत्रानं एका दुपारी केलेलं ते काम हातानं करायला आम्हा पाचांना वर्ष लागलं असतं.

बैठकीला बाईंनी नकाशाची गुंडाळी धरायला मला सोबत नेलं, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलेलं. त्यांनी फायद्यांनी सुरुवात केलीच नाही. दुमडीची चूक आधी सांगितली, बारा गावांची यादी पुढं ठेवली. वित्त खात्याचे साहेब चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, कागदावरच काम केलं असतं तर ही चूक झालीच नसती. बरोबर ना?"

"बरोबर आहे. ही यंत्राची किंमत आहे, ती खर्चाच्या बाजूला धरा," बाई म्हणाल्या. "आणि ती एका दुपारी बारा गावांत सापडली, हे दुसऱ्या बाजूला धरा. आणखी एक चूक आहे, ती माझी. मी तुमच्याकडं दर वेळी यंत्रं मागितली, कारण यंत्र लवकर मंजूर होतं. खोक्यातून येतं, फीत कापता येते, फोटो निघतो. नकाशा हातात घेऊन शिवेवरून चालणाऱ्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून त्याचे पैसे मी मागितलेच नाहीत. ते मागितले असते तर धनसिंग नायकांना एकही खेप घालावी लागली नसती."

"चूक केली कोणी?" साहेबांनी विचारलं.

मी गुंडाळी खाली ठेवून पुढं सरकलो. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तपासून सही मी केली आहे," त्या म्हणाल्या. "ह्या वर्षीचे नवे मोठे पडदे आणि छपाईयंत्र मला नको. ते पैसे शीव चालायला द्या. आणि तेही जमणार नसेल तर राहिलेली गावं थांबवा. शीव चालून न तपासलेला नकाशा मी ह्यापुढं वर पाठवणार नाही."

इतक्या वर्षांचं काम बाईंनी स्वतःच्या हातानं तराजूत टाकलं होतं. साहेबांनी यादी शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाले, "पैसे नको म्हणणारा अधिकारी मी आज पाहिला. एक वर्ष देतो. चालून दाखवा."

अशी योजना वाचली. थाटमाट गेला, पण चालायला माणसं मिळाली.

बाहेर जिन्यात मी माफी मागू लागलो तर बाई म्हणाल्या, "माफी नको. सोमवारी मोजणीदारांबरोबर तांड्यावर जा आणि ओढा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या." गेलो. ओढ्याला घोट्याइतकं पाणी होतं, आणि नायकबाबांनी चप्पल हातात घ्यायला लावून मला त्यातून अलीकडं पलीकडं चालवलं. तांड्यातल्या बायका हसून हसून बेजार. पेन्शन सुरू झाली होती.

बाईंचं घरगुती प्रेमही मोठं. माझ्या मंडळींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नारायणगुड्याच्या दवाखान्यात आठवडाभर त्या ज्वारीच्या भाकरी आणि गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची भाजी घेऊन यायच्या. भाजी तिखटजाळ. डोळ्याच्या पेशंटला रडवायचं नसतं, असं मंडळींनी सांगूनही पाहिलं. तिखट काही कमी झालं नाही. माणसात एखादा दोष असावा, तो हा.

निवृत्त होऊन बाईंना आता दोन वर्षं होत आली. एका वर्षासाठी मिळालेलं शीव चालण्याचं काम दरवर्षी पुढं वाढत गेलं आणि अजून चालू आहे. नवे अधिकारी अडलेल्या गावी बाईंना बोलावतात. मानधन नाही, जाण्यायेण्याला जीप तेवढी. डोक्याला रुमाल बांधून, उर्दूतला नकाशा हातात घेऊन त्या बांधावरून पुढं चालतात आणि पंचविशीतले मोजणीदार मागं धापा टाकतात, असं मी ह्याच महिन्यात पाहिलं. मी जीपमध्येच बसून होतो, ते सोडा.

मी बाईंपेक्षा वयानं मोठा, म्हणून आशीर्वाद द्यायचा हक्क मला आहे. देवानं त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य द्यावं, दृष्टी स्वच्छ ठेवावी, आणि गुडघ्यांकडं तर विशेष लक्ष द्यावं. राहिलेल्या गावांची यादी मी पाहिली आहे. बरंच चालायचं आहे.

— नागनाथ मुखेडकर