रोशनबीचा हात

मी बयाबाई, हळदकुंकवाची. देवळाच्या महाद्वाराकडनं खाली आलं की कौलाच्या छपराखाली बांगड्यांची आळी लागायची. तिच्या तोंडाला माझी टोपली आणि शेजारी बांगड्या भरणारी रोशनबी मणेरीण. लोक म्हणायचे, ह्या दोघींचं जन्माचं वैर हाय. वैर कुठलं आलंय! तिचं तरट माझ्या जागेत सरकायचं, मी ते परत ढकलायची, एवढंच की. तोंडाची मी पहिल्यापासनं फाटकी. ती पडली मुकाट. पण बांगड्या भरताना तिला बघावं. पोरीचा अंगठा आत दाबायची, सासरचा काहीतरी विषय काढायची, आणि पोरगी हसतीया तवर काकण मनगटावर गेलेलं. ओरखडा म्हणून उठायचा न्हाय.

शाहू महाराजांच्या राज्यात पलेग आला, त्या वर्साचं सांगतीया. आधी घराघरांत उंदीर पडायला लागले, मग माणसं. ताप भरायचा, काखेत न्हायतर जांघेत गाठ उठायची, आणि माणूस हातचा जायचा. निम्मं गाव रानात खोपी घालून राहिलेलं. ज्यांचं पोट बाजारावर, ते आम्ही मागं राहिलो. सरकारी माणसं रोज आळीतनं फेरी मारायची. तापलेलं एक जरी माणूस घावलं तर आळीला कुलूप, आणि त्याचं सगळं घर उचलून कळंब्याच्या वाटेवरच्या छावणीत. छावणीत गेलेलं कोण परत आलेलं मी तरी बघितलं न्हवतं.

तरी आमची आळी चालू राहिली, ती रोशनबीच्या हातामुळं. दिवसभर बायांची मनगटं धरणारी बाई ती. ताप कुणाला कळायच्या आधी तिच्या बोटांना कळायचा. ती गवगवा करायची न्हाय. हातातलं काकण खाली ठेवायची आणि हळू म्हणायची, "आज तुझ्या मापाचं काकण न्हाय बाळ, घरला जा." मग मी उठून कडुलिंबाचं पाणी तिच्या हातांवर वतायची. पुढं पुढं बायांना ह्या बोलण्याचा अर्थ कळला. तिच्यापुढं हात धरताना बाया देवाचं नाव घ्यायच्या. तरी यायच्या. सुवासिनीचा हात मोकळा कसा ठेवायचा?

रोशनबीचा सगळा जीव एकाच ठिकाणी अडकलेला. तिची लेक सुगरा बाळंतपणाला माहेरी आल्ती, दिवस भरत आलेले. मालक वारल्यावर ह्या एका लेकीसाठी तिनं बाजारात बसून हाडं झिजवलेली. सुगराला ताप येऊ नये, एवढं एकच तिचं चाललेलं. रोज बाजारातनं गेली की परसात आंघोळ करायची आणि ओट्यावर गार फरशीला पाठ टेकायची. उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाय. दुपारी सुगरा भाकरी घेऊन आळीत यायची. तेवढ्या वेळेला कडुलिंबाच्या पाण्यानं हात धुऊन ती लेकीचं मनगट धरायची. मी चिडायची. म्हणायची, अगं बये, दोन जिवांची पोरगी ह्या मसणात कशाला बोलावतीस? तर म्हणायची, हात बघितल्याबिगर मला दिवस सरत न्हाय. वेडी म्हणा, काय बी म्हणा. लेक एकुलती असली की शहाणपण टिकत न्हाय.

त्या दिवशी सकाळपासनं ती खुशीत दिसली. अंग ठणकतंय म्हणत हुती. मी म्हणलं, गार फरशीवर झोपलीस तर ठणकणारच, का मखमल हाय ती? दोन-चार बाया आल्या, भरून गेल्या. आणखी आल्या. दर हाताला रोशनबीचं तोंड फुलत चाललेलं. शेवटी माझ्याकडं वाकून म्हणली, "बया, आज सगळ्यांचे हात गार हायती. एक बी ऊन न्हाय. गेली बघ पीडा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी टोपलीतलं चिमूटभर कुंकू काढून देवळाच्या दिशेनं उधळलं. सगळ्या आळीत मीच सांगत सुटले की पलेग गेला, रोशनबीच्या हातानं सांगितलंय. माझ्या जिभेला हाड कधी हुतं?

तेवढ्यात उचगावची विठाबाई आली, लेकीचा लग्नाचा चुडा भरायला. लगीन रानातल्या खोपीतच उरकणार हुते. नवरी अंगाला हळद लावूनच आल्ती. रोशनबीनं तिचा हात मांडीवर घेतला, पहिलं हिरवं काकण चढवलं, दुसरं चढवलं. पोरगी आवंढा गिळायला लागली. मग एकदम हात मागं ओढून आईला बिलगली.

विठाबाई म्हणली, "काय झालं गं?"

पोरगी म्हणली, "आई, हिचा हात लई भाजतोय."

 मी रोशनबीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. सकाळपासनं सगळे हात गार लागत हुते, ते का, हे आमच्या दोघींच्या टाळक्यात एकदमच शिरलं. बोटं दुसऱ्याची मनगटं धरायची, पण ह्या बाईचं मनगट कोण धरणार? तिनं पदराखालनं हात घालून काख चाचपली. गाठ हाताला लागली. विठाबाईला म्हणली, पोरीला घेऊन जा, वाटेत वढ्याला दोघी डोक्यावरनं आंघोळ करा. विठाबाई लेकीला वढत पळाली. बाकीच्या बी पळाल्या. मी पळाले न्हाय. धाडस म्हणून न्हाय, टोपली सोडून कुठं जाऊ?

आणि तवाच आळीच्या त्या टोकाला सुगरा दिसली. पोट सावरत, अनवाणी, डोक्यावर भाकरीचं फडकं. लांबनंच हसत, हात पुढं धरून येत हुती.

रोशनबी वरडली, "तिथंच थांब."

पोरीला वाटलं, आई चेष्टा करतीया. ती चालतच राहिली. रोशनबी परत वरडली, शिव्या घातल्या, पाय मोडीन म्हणली. अशी वरडलेली मी तिला उभ्या जन्मात ऐकली न्हवती. सुगराला ते झोंबलं. मी काय केलं ते तरी सांग म्हणत, डोळं पुशीत, ती जास्तच भरभर यायला लागली. रोशनबीनं उठून मागं ढकलावं तर हात लावायची सोय न्हाय.  जन्मभर चालू राहिलेलं तोंड नेमकं तवा बंद पडलं माझं.

रोशनबीनं पुढ्यातली काकणं उचलली आणि वाटेत आपटली. मग दुसरी माळ. मग पाटी उचलून सगळीच. हिरवी, लाल, जरीची, वर्साचा सगळा माल आळीच्या ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत खळकन पसरला. अनवाणी पायाला टेकायला जागा उरली न्हाय.

सुगरा जागच्या जागी उभी राहिली. पोटुशी लेक, तिचा नवरा गौस तिकडं मिरजेत, आणि सख्ख्या आईनं तिच्या तोंडासमोर काकणं फोडलेली! ह्याच्यापेक्षा मोठा अपशकुन बाईमाणसाला दुसरा न्हाय. तिनं हंबरडा फोडला. तवा कुठं माझी वाचा उघडली. म्हणलं, पोरी, तुझ्या आईला ताप भरलाय. रोशनबीनं पदर तोंडावर घेतला आणि आळीच्या दुसऱ्या तोंडानं आपल्या पायानं छावणीकडं चालायला लागली.

सुगराला माझ्या भावानं, आण्णानं, त्याच दिवशी त्याच्या उचगावच्या मळ्यात नेलं. तिथं ती अन्नाला शिवायची न्हाय. माझा गौस गेला, आईनंच त्याला घालवला, एवढंच घोकायची. त्यातच मोकळी झाली. पोरगी झाली, पण तिला अंगावर घ्यायला बघंना.

मी छावणीच्या कुडाशी गेले. पहारेकरी हुसकायला लागला, त्याला मी आईबहिणीवरनं धुतला. रोशनबी आत चटईवर पडलेली, डोळं खोल गेलेलं. तिनं लांबनंच विचारलं, "हात?"

"गार हाय," मी म्हणलं. "दोघींचा बी. नात झाली तुला."

तिनं बराच वेळ श्वास गोळा केला. मग म्हणली, "सुगराला सांग, ती काकणं मी तिच्या नावानं फोडली न्हाईत. माझ्या नावानं फोडलीत."

मी मळ्यात येऊन तिला ते जसंच्या तसं सांगितलं. सुगरा लई रडली, आणि मग तिनं पोरीला अंगावर घेतलं.